पाचव्या ओळीचा कौल

मार्गशीर्ष वद्य तृतीया, सोमवार. सकाळी सव्वानऊ. गावचं देऊळ.
हजर — मी, गुरवकाका. देव हजर होता असं धरलं तर तो तिसरा.

सात वर्षांपूर्वीच्या माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. माझी बाकीची पानं अशी नसतात. काय करायचं, काय राहिलं, कोणाला काय सांगायचं, सगळं क्रमाने लिहिलेलं असतं आणि झालेल्या कामापुढे खूण असते. या पानावर दोन ओळी आणि खाली कोरी जागा. त्या जागेत जे यायला हवं होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण उद्या सकाळी सातच्या आत मला ते बोलावं लागणार आहे, आणि मला भीती वाटते आहे. एकदा लिहून बघते. तोंडातून निघत नाही ते हातातून तरी निघतं का.

मी सुनंदा. वय त्रेपन्न. मालवणच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचं गाव. घरात तिघं — मी, माझे यजमान आणि त्यांची थोरली बहीण शालिनी, म्हणजे माझ्या वन्सं. मुलगा पुण्याला असतो. गावात मला 'वहीवाली वैनी' म्हणतात. लग्न असो, बारसं असो, महिला मंडळाची सहल असो, यादी माझ्याकडे येते. माझ्या यादीतलं काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुठेही 'विसरले' असं म्हणायची सोय मला नाही.

वन्संचं लग्न झालं नाही. मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर सासूबाईंचं म्हणायचे, पण चालवायच्या वन्संच. शंभर माणसांच्या वड्यांना पीठ किती, हे त्या डोळ्यांनी सांगायच्या; मी ते लिहून घ्यायचे आणि तरी माझं चुकायचं. रोज सकाळी परडीभर फुलं काढून त्या देवळात नेऊन द्यायच्या. ताप असला तरी. देवाशी त्यांचं बोलणं घरातल्या माणसाशी बोलावं तसं होतं. गाभाऱ्याच्या दाराशी उभ्या राहून "काल सांगलंय तां इसरलंस काय रे?" असं त्यांना म्हणताना मी स्वतः ऐकलंय. हे लक्षात ठेवा. माझा गुन्हा नुसता डोळ्याचा नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि वन्संचा उजवा जबडा दुखायला लागला. दुखणं विचित्र होतं. चावायला लागल्या की सुरू व्हायचं, थांबल्या की थांबायचं. दोन घास झाले की जबडा दमायचा, चढण चढून पाय भरून यावेत तसा. आपल्याकडे तोंड दुखलं की दात. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, दाढ आहे. मालवणला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, दाढ किडलेली होतीच, ती काढली. दुखणं तसंच. वन्सं म्हणाल्या, "शिरा पडो त्या दाढेर. गरीब होती ती गेली, चोर हंयच बसलोहा." आम्ही हसलो. मीही हसले.

मग केस विंचरताना दुखायला लागलं. नुसता फणीचा स्पर्श झाला तरी हात मागे घ्यायच्या. उजव्या बाजूला उशीवर डोकं टेकता येईना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. जेवण सुटलं, पेजेवर आल्या. या सगळ्याची नोंद माझ्या वहीत आहे, रोजची: 'वन्संना पेज.' 'वन्संना मऊ भात.' 'वन्संना पेज.' मी बघत नव्हते असं कसं म्हणू? मी तर लिहीत होते.

दुसऱ्यांदा मालवणला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दातांकडे बघितलंच नाही. वन्संच्या कानशिलावर बोट फिरवलं, तिथे शीर टपोरी झाली होती, वन्सं कळवळल्या. बाई एकदम गंभीर झाल्या. चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, वन्संच्या नाही — वही माझ्या हातात होती ना. तीन ओळी होत्या. दाताचं दुखणं नाही. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असावी, रक्ततपासणी आणि मोठा डॉक्टर लगेच, गोव्याला नेलंत तर उत्तम. आणि तिसरी — नजर अंधुक झाली, डोळ्यापुढे पडदा आला, एकाची दोन दिसली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला न्या.

ती चिठ्ठी मी तिथेच दोनदा वाचली आणि मला ती कळली. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे कधी वाटलं की बिचारीला नीट कळलं नसेल, तर या ओळीकडे परत या.

रिक्षात वन्संनी विचारलं, "काय लिवल्यान?" मी म्हटलं, गोव्याला दाखवा म्हणतात. तिसरी ओळ सांगितली नाही. घाबरतील म्हणून — असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

"गोव्याक?" वन्सं म्हणाल्या. "आधी देवाक इचार. तो हां म्हणात तर उद्या जावया."

आमच्याकडे हे असंच असतं. तुमच्याकडे नसेल तर सांगते. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. गुरव गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपलं म्हणणं देवापुढे मांडतात, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. विहीर खणायची, मुलगी द्यायची, बोट समुद्रात घालायची, कौल घेतल्याशिवाय वन्संनी आयुष्यात काही केलं नाही. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "अक्का म्हणात तसां." म्हणजे देवाला विचारायचं, आणि विचारायला मी जायचं. वन्संना फार वेळ उभं राहवत नव्हतं; पेजेवर आल्यापासून त्यांची फुलंही मीच देवळात पोचवत होते.

देवळात काय झालं ते सांगायच्या आधी — नाही, आधी नको. पण हे सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. त्या शुक्रवारी गावची जत्रा होती. दशावतारी कंपनीला जेवू घालायचा मान त्या वर्षी आमच्या घराकडे होता, आणि सासूबाई गेल्यानंतरची ती पहिली पाळी. मुंबईहून बेचाळीस माणसं येणार होती. माझ्या याद्या तयार होत्या, एकूण अकरा. प्रत्येक यादीत, एक सोडून, वन्संचं नाव होतं. मसाला भाजणे — वन्सं. वड्यांचं पीठ — वन्सं. काळ्या वाटाण्यांची उसळ, खोबऱ्याचं वाटण, मीठ बघणे — वन्सं. पेज पिणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचं नाव मी दहा ठिकाणी लिहिलं होतं.

गोव्याला नेलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस, चार दिवस. घरातलं एक माणूस त्यांच्याबरोबर. शुक्रवारी वडे फुगले नसते, उसळ पानचट झाली असती, आणि मुंबईहून आलेली सासरची माणसं म्हणाली असती की सुनंदाची नुसती वहीच मोठी. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं. मी सात वर्षं शोधते आहे, एखादं मोठं कारण सापडतं का म्हणून. नाही सापडत.

देवळात मी यादी घेऊन गेले. कौलालाही मी यादी नेते. तोंडी विचारलं की एखादा प्रश्न राहतो. पाच प्रश्न होते. विहिरीवर नवा पंप बसवायचा का. मुलाने पुण्याचं कॉलेज घ्यावं का. मागच्या कुंपणाची जागा. जत्रेचं चुलाण अंगणात की मागे मांगराच्या खोपीकडे. पाचवी ओळ: वन्सं — गोवा.

ज्या प्रश्नासाठी गेले तो पाचवा कसा? यादी कोणी केली होती?

त्या वेळी देवळात दुसरं कोणी नव्हतं. चार प्रश्न झाले, दोन उजवे, दोन डावे. चुलाण अंगणातच मांडा म्हणून देवाने सांगितलं. गुरवकाकांनी तांब्यात बोटं बुडवून नव्या पाकळ्या उचलल्या. बोटांवरून पाणी टपकत होतं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "आजून काय?"

मी हातातल्या कागदाकडे बघितलं. पाचवी ओळ तिथे होती, माझ्याच अक्षरात, चांगली वळणदार.

"नाय काका," मी म्हटलं. "झालां."

त्यांनी पाकळ्या परत तांब्यात सोडल्या.

माझा कौलावर विश्वास नव्हता म्हणून मी विचारलं नाही, असं तुम्हाला वाटेल. नसता तर मी विचारून मोकळी झाले असते. विश्वास होता. उजवा पडेल याची मला खात्री होती, आणि उजवा पडल्यावर मग मला काही करता आलं नसतं. चिठ्ठी पर्समध्ये गप्प बसली होती, पण पडलेली पाकळी मला गप्प बसवता आली नसती. म्हणून मी तिला पडूच दिलं नाही.

इथपर्यंतही मागे फिरता आलं असतं. देवळापासून घर दहा मिनिटं. वाटेत मी ठरवत होते, सांगेन की आज विचारायचं राहिलं, उद्या विचारते. वन्सं पडवीत बसल्या होत्या, हनुवटीखालून डोक्यावर पांढरा रुमाल बांधून. मला बघून त्यांनी रुमाल सैल केला, बोलता यावं म्हणून.

"इलंस? काय म्हणता देव?"

"डावो दिल्यान," मी म्हटलं. "हंयच बरां होतला म्हणता."

वन्संनी देवळाच्या दिशेने हात जोडले. "तेची मर्जी," म्हणाल्या. मग रुमाल परत आवळला आणि मला विचारलं, "वाटाणे भिजत घातलंस?"

हा माझा अपराध. मी देवाच्या तोंडी खोटं घातलं, आणि ते अशा माणसाला सांगितलं जे त्याच्या शब्दावर पाऊल उचलायचं. माझ्या शब्दावर वन्सं थांबल्या नसत्या. चिठ्ठीतली तिसरी ओळ कळली असती तर कदाचित उठून स्वतः देवळात गेल्या असत्या. हे मला माहीत होतं. म्हणून तर देव वापरला.

गुरुवारी सकाळी त्या आडाळ्यावर नारळ खवत होत्या. मी दाराशी वही घेऊन. त्या मध्येच थांबल्या, मान उचलली, समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. "सुनंदा, डोळ्याफुडसून पडदो गेलो गो. ह्या उजव्या." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता दिसता." आणि खवायला लागल्या. मला ती तिसरी ओळ तोंडपाठ होती. त्याच दिवशी, त्याच तासाला. मी वहीत लिहिलं: 'वन्सं — डोळा. शनिवार.' ते पान आहे माझ्याकडे. पुढे खूणही आहे, कारण शनिवारी ते काम मी केलं.

शुक्रवारचे वडे टम्म फुगले होते. बेचाळीस माणसं, शिवाय नाटकवाले. सगळे म्हणाले, सुनंदाने घर राखलं.

शनिवारी सकाळी वन्सं चुलीपाशी चाचपडत होत्या. मला वाटलं धूर गेला डोळ्यात. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, मग हात काढला, मग परत झाकला. "उजव्यान काय एक दिसणा नाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. मीठ संपलं म्हणून सांगावं तसा.

गोव्याच्या डॉक्टरांनी तपासायला वेळ लावला नाही. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. कानशिलाजवळच्या शिरेला सूज आली की ती डोळ्याकडे जाणारं रक्तही अडवते, असं त्यांनी समजावलं. गेलेली नजर परत येत नाही, आता डावा वाचवायचा. मग त्यांनी मला विचारलं, कधीपासून दुखतंय? यजमान बाहेर गाडी लावत होते. वन्सं आत होत्या. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, आठवडा झाला असेल.

पाच आठवडे झाले होते. माझ्या वहीतून दिवस मोजता आले असते.

डॉक्टर म्हणाले, नजर जायच्या आधी औषध पोटात गेलं असतं तर डोळा बहुतेक राहिला असता. कोणाला दोष देत नव्हते. चष्मा पुसत बोलत होते.

डावा डोळा वाचला. वन्सं वर्षभर गोळ्या घेऊन सुजल्या, मग बऱ्या झाल्या. पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी परडी माळ्यावर टाकायला लावली. "मी गेलंय असतंय," यजमानांना म्हणाल्या. "तेना नाय म्हणान सांगल्यान. रोज फुलां दिलंय तेका. असो फसवता काय कोण?" त्यानंतर त्या देवळाची पायरी चढल्या नाहीत. जत्रेच्या दिवशी पुढचं दार लोटून घेतात. पालखी समोरून जाते तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आपटतात. मला एकदाही बोलल्या नाहीत. उलट मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगतात, सुनंदा धावत गेली होती कौल घ्यायला, तिचा काय दोष?

गुरवकाकांनी एकदा बाजारात मला अडवलं. "शालूताय फुलां कित्याक धाडणा नाय गो?" मी म्हटलं, डोळ्यामुळे. तेही खोटं. एक डोळा अधू असला तरी त्यांना जास्वंद दिसते.

आणि मी काय केलं असेल? यादी केली. चेहरा दुखण्याची कारणं. विचारून विचारून, लिहून घेऊन. दात किंवा हिरडी असेल तर गरम-थंड झोंबतं, ठणकतं, सूज येते. सूज वाढून ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, तर थांबायचं नाही. गाल आणि कपाळ जड होऊन खाली वाकलं की दुखतं, नाक चोंदतं, ते नाकाशेजारच्या पोकळ्यांचं. नागीण उठायची असेल तर पुरळाच्या आधी एकाच बाजूची आग होते. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी डॉक्टर. जबड्याचा सांधा कानापुढे दुखतो, कटकट वाजतो. चेहऱ्याची नस बिघडली तर वीज चमकावी तशी कळ, क्षणाची, वारा लागला तरी. जबडा दुखतो आणि छाती भरून येते, घाम फुटतो, दम लागतो — तर ते हृदय असू शकतं, घरात बसायचं नाही, पेज करायची नाही, गाडी बोलवायची. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तरीही तेच. आणि पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखायला लागलं, चावताना जबडा दमला, केसांना फणी लावता येईना — रक्त तपासायचं, लगेच. डोळ्यापुढे पडदा आला तर तास मोजायचे.

हे मी महिला मंडळात सांगते. शेजारच्या वाडीतल्या एका बाईच्या नवऱ्याचा जबडा घाटी चढताना दुखायचा, ती दातांच्या डॉक्टरकडे निघाली होती. मी त्यांना कुडाळला पाठवलं, ते हृदयच निघालं, वाचले. बाई नारळ घेऊन आली, पाया पडली. वन्सं अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या सुनंदाक सगळां म्हायत." मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता या महिन्याचं. माझ्याच डाव्या गालात कळ येते आहे. दात घासताना, तोंड धुताना, स्कूटरवर वारा लागला की. क्षणभरच, पण गाडी थांबवून हँडल धरून बसावं लागतं. मी वहीत दोन रकाने केले, एक वन्संचं दुखणं, एक माझं. जुळत नाहीत. माझं कानशील दुखत नाही, फणी चालते, जबडा दमत नाही. तरी अकरा दिवस मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना 'लगेच जा' म्हणणारी मी. का? कारण ते मला मिळायला हवं असं कुठेतरी वाटत होतं. आणि तरी आरशासमोर एक डोळा झाकून दुसऱ्याने बघत होते, दिवसातून चार-पाच वेळा. कॅलेंडरवरची अक्षरं वाचायची. दिसतायत. परत झाकायचा. दिसतायत. एवढी मी घाबरले होते. वन्संना कोणी डोळा झाकून बघायला सांगितलं होतं?

त्यांनीच पकडलं. काल जेवताना म्हणाल्या, "एका डोळ्यान माका दिसता तां तुका दोनांनी दिसणा नाय. एकाच बाजून कित्याक चावतंस गो?" मी काहीतरी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. आज सकाळी स्वतः लुगडं बदलून पडवीत येऊन बसल्या, "चल" म्हणाल्या. कुडाळच्या डॉक्टरांसमोर माझ्याआधी त्याच बोलल्या. "माका देवान जांव नको म्हणान सांगल्यान, म्हणान माजो डोळो गेलो. हिचां तसां होता नये." डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

नसेचं दुखणं वाटतं आहे, असं ते म्हणाले. गोळी दिली, डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय. वयामुळे आणि घरातल्या अनुभवामुळे रक्तही घेतलं. रिपोर्ट उद्या बाराला.

घरी आल्यावर वन्संनी यजमानांना माळ्यावर चढवलं आणि परडी खाली काढायला लावली. सात वर्षांची धूळ. ओल्या फडक्याने पुसत म्हणाल्या, "उद्या सकाळी देवळात जातंय. तेच्याशी बोलूचां नाय म्हणान ठरवलेलां. पण तुझ्यासाठी बोलतलंय. सांगतलंय तेका — माझां केलंस तां केलंस, हिच्या वाटेक जांव नको."

यजमान म्हणाले, बरं झालं अक्का. सगळ्यांना आनंद झाला आहे.

आता तुम्हाला कळलं असेल भीती कसली ते. गुरवकाका तेच आहेत. वन्सं त्यांना सात वर्षांपूर्वीच्या त्या कौलाबद्दल बोलल्या, तर काका म्हणतील, कसला कौल? सुनंदावैनीने चारच प्रश्न विचारले होते. मग मी पकडली जायच्या आधी बोलते आहे, एवढंच का हे? असेल. काका ते विसरले असते, किंवा उद्या तिथे दुसरं कोणी असतं, तर मी बोलले असते का? मला नाही माहीत. आणि ते काही म्हणाले नाहीत तरी काय होणार? वन्सं त्या देवापुढे उभ्या राहून, जे त्याने केलं नाही त्याबद्दल त्याला बोल लावतील, आणि मग मोठं मन करून माफ करतील, माझ्यासाठी. हे मला जास्त भीतीचं वाटतं.

चिठ्ठी अजून आहे. घड्या पडल्यात, शाई फिकी झाली आहे, पण तिसरी ओळ वाचता येते. ती आणि पाच ओळींची ती यादी, दोन्ही या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत आहेत. सात वह्या बदलल्या, दर वर्षी मी त्या जुन्या वहीतून काढून नव्या वहीत ठेवल्या. जाळल्या का नाहीत ते मला सांगता येणार नाही.

वन्सं पडवीत बसल्या आहेत. परडीची कड सुटली होती ती दोऱ्याने शिवतायत. सुई डाव्या डोळ्याजवळ नेऊन ओवतायत, हुकतंय, परत ओवतायत. मला हाक मारत नाहीत. मला दुखतंय ना.

उद्याची यादी केली आहे.

सहा — चहा.
सव्वासहा — फुलं. कुंपणापलीकडची जास्वंद त्यांच्या हाताला येत नाही, काढून देणे.
सात — वन्सं देवळात.
बारा — कुडाळ, रिपोर्ट.

सव्वासहा आणि सात यांच्या मध्ये जागा सोडली होती. तिथे आत्ता लिहिलं: वन्संना चिठ्ठी आणि यादी दाखवणे. पाचवी ओळ वाचून दाखवणे.

पुढे खूण नाही.